आधी सांगा, मग विचारा : नेटवर्क ऑटोमेशनची साधनं घडवणाऱ्यांना खुलं पत्र

राउटर, स्विच आणि त्यांचं ऑटोमेशन करणारी साधनं घडवणाऱ्या सर्व अभियंत्यांना आणि उत्पादन-व्यवस्थापकांना,



हिंजवडी, खराडी, ऐरोली अशा ठिकाणच्या नेटवर्क ऑपरेशन सेंटरमध्ये पाळीनं बसणाऱ्या आम्हा लोकांच्या वतीनं हे पत्र लिहिते आहे. देशातल्या ग्राहकांची चेंज विंडो मध्यरात्रीनंतर उघडते, युरोपातल्या ग्राहकांची आपल्याकडे उजाडत असताना. त्या दोन-तीन तासांत शेकडो उपकरणांवर बदल चढवायचे असतात. एकेका राउटरवर लॉगिन करून आता ते कुणी करत नाही. तुमचं साधन करतं. मध्येच ते थांबतं आणि विचारतं, ‘पुढे जायचं का? हो की नाही?’

माझी तक्रार या प्रश्नाबद्दल आहे. प्रश्न विचारू नका असं मी म्हणत नाही. पण उत्तर द्यायला जे लागतं ते तुम्ही समोर ठेवत नाही. काय बदलणार, कुठे बदलणार, चुकलं तर परत कसं यायचं, यातलं काहीच पडद्यावर नसतं. मग त्या ‘हो’नं अपघात टळत नाही. अपघातानंतर बोट कुणाकडे दाखवायचं, एवढंच त्यानं ठरतं.

मुळापासून सांगते. हा प्रश्न जन्माला आला तेव्हा एक माणूस एका उपकरणासमोर बसलेला असे. सिस्कोच्या राउटरला ‘रीलोड’ म्हटलं की तो ‘कन्फर्म’ असं विचारतो, आणि नुसतं एंटर दाबलं तरी ते ‘हो’ धरलं जातं. समोर एकच पेटी असेल आणि ती कुठली हे माणसाला ठाऊक असेल, तर एवढं पुरायचं. पण त्याही काळात कुठे विचारायचं आणि कुठे नाही, याचा हिशेब धोक्याशी जुळलेला नव्हता. रीलोडला विचारणा आहे. ‘नो राउटर बीजीपी’ या एका ओळीनं शेजारी राउटरांशी असलेली सगळी बोलणी पुसली जातात, तिथे मात्र एकही प्रश्न येत नाही. रीलोड झालेला राउटर काही मिनिटांत पुन्हा उभा राहतो. पुसलेलं बीजीपी आपोआप परत येत नाही.

ट्रंक पोर्टचं उदाहरण तर या धंद्यात नवीन आलेल्या प्रत्येकाला ऐकवलं जातं. ट्रंकवरून आधीच वीस-पंचवीस व्हीलॅन जात असतात. त्यात ३० नंबरचा एक वाढवायचा म्हणून कुणी ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ असं लिहितं. मध्ये ‘ॲड’ हा शब्द राहिला, तर स्विच जुनी यादी टाकून देतो आणि एकटा ३० ठेवतो. एखाद्या शाखेचे फोन, एटीएम, कॅमेरे एकदम गप्प होतात. बऱ्याचदा स्विचवर पोचायची वाटही त्याच ट्रंकवरून असते, म्हणजे ज्या फांदीवर बसलो तीच तुटलेली. आज्ञा व्याकरणानं बिनचूक, म्हणून उपकरण काही विचारत नाही. यादीत किती व्हीलॅन होते आणि किती राहणार, हे त्या क्षणी त्याला पक्कं माहीत असतं. एवढं माहीत असताना त्यानं गप्प बसावं, हे मला कधीच पटलेलं नाही.

मग ऑटोमेशन आलं आणि त्यानं या प्रश्नांना अडथळा मानलं. ही वृत्ती जुनी आहे. युनिक्समध्ये ‘येस’ नावाची आज्ञा १९७९च्या सातव्या आवृत्तीपासून आहे. थांबवेपर्यंत ‘वाय’ छापत राहायचं, एवढंच तिचं काम. १९९०मध्ये डॉन लिब्स यांनी ‘एक्स्पेक्ट’ लिहिलं. समोरची यंत्रणा काय विचारते ते ओळखून ठरलेलं उत्तर टंकणारं ते साधन होतं आणि पुढच्या कितीतरी नेटवर्क स्क्रिप्ट त्यावर उभ्या राहिल्या. आज ॲन्सिबलच्या प्लेबुकात ‘प्रॉम्प्ट’च्या खाली ‘ॲन्सर’ लिहायची सोय आहे. टेराफॉर्म पूर्ण ‘येस’ टंकल्याशिवाय पुढे जात नाही, ही गोष्ट मला मनापासून आवडते. पण ‘ऑटो-अप्रूव्ह’ची पळवाटही त्यातच आहे. या सोयींची गरज मला कळते. दोनशे स्विचवर दोनशे वेळा एंटर दाबत बसणं हे माणसाचं काम नव्हे. पण उपकरणाचा प्रश्न काढून घेतल्यावर त्याच्या जागी दोनशे उपकरणांना शोभेल असा एक नीट प्रश्न तुम्ही द्यायला हवा होता. तो दिला नाहीत. प्लेबुक सुरू करताना एकदा ‘पुढे जायचं का?’ असं विचारलंत आणि काम झालं असं मानलंत.

असा माहितीविना विचारलेला प्रश्न किती पोकळ असतो, हे हवाईत दिसलं. १३ जानेवारी २०१८च्या सकाळी तिथल्या लोकांच्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा गेला आणि तो चुकीचा होता हे कळवायला ३८ मिनिटं लागली. इशारा पाठवणाऱ्या कर्मचाऱ्याचं म्हणणं असं की त्याला तो सराव नसून खरा हल्ला वाटला. पण सॉफ्टवेअरनं काय केलं ते पाहा. त्यानं विचारणा केली होती. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या चौकशीत आढळलं की इशारा सरावाचा असो वा खरा, त्या विचारणेचे शब्द अगदी तेच होते. तो इशारा लाखो लोकांच्या हातातल्या फोनवर जाणार आहे, हे एक वाक्य त्या चौकटीत असतं तर?

आता ज्यांच्या अहवालांमुळे हे पत्र लिहावंसं वाटलं, त्या दोन घटना. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होतं. आपल्याकडे तेव्हा रात्र झाली होती. कंपनीच्या पायाभूत यंत्रणेचे उपाध्यक्ष संतोष जनार्दन यांनी दुसऱ्या दिवशी कारण लिहून प्रसिद्ध केलं. नेहमीच्या देखभालीत, जागतिक बॅकबोनची क्षमता किती उपलब्ध आहे ते तपासण्यासाठी एक आज्ञा दिली गेली आणि तिनं बॅकबोनचे सगळे दुवे तोडले. अशा आज्ञा आधीच अडवणारं तपासणी-साधन त्यांच्याकडे होतं, पण त्यातल्या दोषामुळे त्यानं ही आज्ञा जाऊ दिली. पुढे त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी आपले बीजीपी मार्ग मागे घेतले. आणीबाणीसाठी ठेवलेली वेगळी वाटही चालेना, म्हणून माणसांना डेटा सेंटरवर प्रत्यक्ष जावं लागलं.

दुसरी घटना कॅनडातली, आणि मला ती जास्त बोलकी वाटते. ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्स या दूरसंचार कंपनीचं जाळं कोसळलं. एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा गेली, देशभर इंटरॅक या पेमेंट व्यवस्थेवरचे व्यवहार अडले, आपत्कालीन ९११ क्रमांकाला लागणारे फोनही लागेनात. कोअर नेटवर्कच्या सुधारणेचं काम सात टप्प्यांत चाललं होतं आणि हा सहावा टप्पा होता. वितरण राउटरवरचा एक फिल्टर काढला गेला, त्यामुळे मार्गांचा पूर कोअर राउटरांमध्ये शिरला आणि ते गुदमरून बंद पडले. व्यवस्थापनाचं जाळंही त्याच कोअरवर अवलंबून, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्यांना आतच जाता येईना. नियामकानं नेमलेल्या सल्लागारांच्या अहवालात एक नोंद आहे, ती तुमच्यापैकी प्रत्येकानं वाचावी. सुरुवातीला या सगळ्या कामाची जोखीम ‘उच्च’ ठरवली होती. आधीचे टप्पे सुरळीत पार पडले, म्हणून जोखीम मोजणाऱ्या अल्गोरिदमनं सहाव्या टप्प्यासाठी ती ‘कमी’ करून टाकली. ‘कमी’ म्हटल्यावर वरच्या पातळीची छाननी आणि प्रयोगशाळेतली चाचणीही गळाली.

म्हणजे प्रश्न विचारायचा की नाही हे साधनानं ठरवलं, आणि कशावरून ठरवलं, तर काल काय झालं यावरून. जोखीम बदलाच्या स्वभावात असते. फिल्टर काढणं, डीफॉल्ट मार्ग हलवणं, बीजीपीची धोरणं बदलणं, ज्या वाटेनं आपण आत आलो त्याच वाटेला हात लावणं, ही कामं शंभर वेळा नीट झाली तरी एकशे एकाव्या वेळी तितकीच धोक्याची राहतात. तेव्हा पहिली विनंती अशी, की जोखमीची पातळी आज्ञेच्या परिणामावरून ठरवा आणि ती कशी ठरवली ते आम्हाला उघड दाखवा. ही यादी आमच्या जाळ्याप्रमाणे बदलायची मुभा आम्हाला द्या. पण वरची पातळी आपोआप खाली आणायचा अधिकार कोणत्याही गणिताला देऊ नका.

दुसरी विनंती प्रश्नाच्या मजकुराची. महावितरणचा लाइनमन खांबावर चढण्याआधी उपकेंद्रातून परमिट घेतो. कुठला फीडर, कुठला भाग, कुणाच्या नावावर, हे सारं त्यात येतं. आणि काम आटोपल्यावर ज्यानं परमिट घेतलं त्यानं ते परत केल्याशिवाय वीज सोडायची नाही, असा नियम आहे. आमच्या पडद्यावरच्या प्रश्नात एवढा तरी तपशील असावा. किती उपकरणं, त्यांची नावं काय, त्यातली किती चालू वाहतूक वाहतात. कुठल्या ओळी जाणार, कुठल्या येणार. यादी बदलत असेल तर आधी पंचवीस आणि नंतर एक, असं आकड्यांत. आणि सर्वांत वर, ठळक अक्षरांत : या बदलानं तुमची स्वतःची वाट तुटू शकते. हे सगळं साधनाला बहुतेक वेळा काढता येतं. जुनोसमध्ये ‘शो कंपेअर’ वर्षानुवर्षं आहे, नॅपाल्ममध्ये बदल चढवण्याआधी फरक दाखवायची सोय आहे, ॲन्सिबलमध्ये ‘चेक’ आणि ‘डिफ’ आहेत. ते कुठेतरी आतल्या पर्यायांत लपवून ठेवू नका. प्रश्नाच्या आधी तेच दिसू द्या.

जिथे परिणाम मोठा, तिथे नुसतं एंटर चालू नये, हेही त्यातच आलं. गिटहबवर एखादी रिपॉझिटरी पुसायची तर तिचं पूर्ण नाव टंकावं लागतं. कोअर राउटरवर हात टाकताना त्या साइटचं नाव टंकायला आमची काहीच हरकत नाही. मात्र हा उपाय जपून वापरा. प्रत्येक पोर्टच्या वर्णनातला शब्द बदलतानाही असंच विचारलंत, तर आठवड्याभरात बोटांना सवय लागते आणि डोळे वाचायचे थांबतात. पाळीत शंभर प्रश्न आले तर शंभरावा कुणी वाचत नाही, मग माणूस कितीही जबाबदार असो. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रावर १९८५ ते १९८७ या काळात रुग्णांना प्राणघातक मात्रा गेल्या. ते यंत्र दुर्बोध संदेश देऊन वरचेवर थांबे, आणि ‘पी’ दाबून पुढे जायची चालकांना सवय झाली होती. चालक बेफिकीर नव्हते. यंत्रानंच त्यांना तसं शिकवलं होतं.

यापुढची विनंती माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रश्नावर भिस्त ठेवू नका. परतीची वाट ठेवा. ही वाट शोधायची नाही, ती आहे. जुनोसमध्ये ‘कमिट कन्फर्म्ड’ म्हटलं की बदल लागू होतो, पण दहा मिनिटांत तुम्ही पुन्हा होकार दिला नाहीत तर राउटर स्वतःहून जुन्या कॉन्फिगरेशनवर जातो. नेटकॉन्फच्या २०११च्या आरएफसी ६२४१मध्ये हीच सोय आहे आणि तिथली मूळ मुदत ६०० सेकंद आहे. आपल्याकडे तालुक्याच्या गावात इंटरनेट पुरवणारे छोटे केबलवालेसुद्धा मायक्रोटिकवर काम करताना ‘सेफ मोड’ लावतात. मध्येच संपर्क तुटला तर बदल मागे फिरतात. ज्या जुन्या सिस्को पेट्यांवर यातलं काही नाही, तिथे अनुभवी माणूस आधी ‘रीलोड इन १०’ लावतो, बदल न साठवता करून पाहतो आणि सगळं ठीक असेल तर रीलोड रद्द करतो. असं सगळं असताना तुमच्या ऑटोमेशनच्या साधनांत हे मूळ वर्तन का नाही? ज्याला नको असेल त्यानं कारण लिहून बंद करावं.

आणि दुसरा होकार खराच असायला हवा. कित्येक स्क्रिप्टमध्ये बदल चढवला की पुढच्याच ओळीत, त्याच जोडणीवरून, पुष्टीची आज्ञा जाते. जुनी जोडणी अजून जिवंत आहे एवढंच त्यातून कळतं. नवी जोडणी उघडून आत जाता येतं का, शेजारी राउटर बोलत आहेत का, मार्गांची संख्या आधीच्या आसपास आहे का, ग्राहकाच्या टोकापर्यंत पिंग पोचतो का, हे तपासल्यावरच पुष्टी जावी. दोनशे उपकरणं असतील तर आधी दोन, मग थांबून दहा, आणि ठरावीक संख्येनं बिघडली की काम तिथेच बंद. ॲमेझॉनची एस-थ्री सेवा २८ फेब्रुवारी २०१७ला कोलमडली, कारण थोडेसे सर्व्हर काढायच्या आज्ञेत एक इनपुट चुकीचा गेला आणि फार जास्त निघाले. त्यानंतर कंपनीनं साधन बदललं ते असं, की क्षमता सावकाश काढली जाईल आणि किमान पातळीच्या खाली नेऊ दिली जाणार नाही. माणसाला आणखी एकदा विचारू, एवढ्यावर ते थांबले नाहीत. मला ही दिशा बरोबर वाटते.

आता नव्या पाहुण्याबद्दल. भाषा-मॉडेलवर चालणारे एजंट राउटरवर आज्ञा चालवू लागले आहेत आणि ‘माणसाची परवानगी घेतली जाते’ असं तुम्ही आम्हाला सांगता. ती परवानगी कशी मागितली जाते हे आम्ही पाहतो. एजंट दोन ओळींत, गोड भाषेत आपला हेतू सांगतो. प्रत्यक्ष आज्ञा खाली दडपलेली असते. शेजारी ‘नेहमी परवानगी द्या’ असं बटण असतं. कृपा करून होकार हेतूला नव्हे, अक्षरशः त्या आज्ञेला आणि त्याच उपकरणाला बांधा. होकारानंतर एक अक्षर बदललं तरी पुन्हा विचारा. होकार ज्या वाटेनं येतो ती वाट एजंटच्या हाताबाहेर ठेवा, नाहीतर एक्स्पेक्टच्या स्क्रिप्टसारखा तोच स्वतःला उत्तर देईल. उपकरणातून वाचलेला मजकूर, मग तो पोर्टचं वर्णन असो वा लॉगमधली ओळ, एजंटला सूचना वाटू शकतो; तिथे कुणी काय लिहून ठेवलं असेल याची खात्री आम्हीही देऊ शकत नाही. म्हणून बदल करणाऱ्या आज्ञांवर ‘नेहमी’ हे बटणच नसावं. माहिती दाखवणाऱ्या ‘शो’ आज्ञांवर खुशाल असू दे. आणि एकच आज्ञा वेगवेगळ्या उपकरणांवर वेगळी वागते हे विसरू नका. २५ जानेवारी २०२३ला मायक्रोसॉफ्टच्या जाळ्यात बिघाड झाला तो असाच : पत्ता बदलण्याच्या कामातली एक आज्ञा त्या विशिष्ट राउटरवर पूर्ण प्रक्रियेनं तपासलेली नव्हती.

आणीबाणीत मात्र आमची वाट अडवू नका. लिंक पडलेली असताना, ग्राहक कॉन्फरन्स कॉलवर ओरडत असताना, तीन वरिष्ठांची मंजुरी गोळा करायला लावणारं साधन कुणाच्याच भल्याचं नाही. नोंद ठेवणारी, पण तात्काळ उघडणारी एक वेगळी वाट द्या.

शेवटची विनंती माणसांसाठी. जे उत्तर देतात ते बहुधा संघातले सर्वांत नवीन लोक असतात. मंजुरी देणारा वरिष्ठ अनेकदा दुसऱ्याच बैठकीत असतो आणि फोनवरून ‘अप्रूव्ह’ दाबतो. पुढे काही बिघडलं की कारणमीमांसेच्या अहवालात एक ओळ येते : ‘वापरकर्त्यानं पुष्टी दिली.’ एका मोठ्या ग्राहकाच्या कामात माझ्या तरुण सहकाऱ्याच्या नावापुढे ही ओळ लागली. त्याच्या पडद्यावर त्या वेळी फक्त प्लेबुकचं नाव आणि ‘पुढे जायचं का?’ एवढंच होतं. पण तुमच्या साधनानं पडद्यावर काय दाखवलं याची नोंदच ठेवलेली नव्हती, ठेवली होती ती फक्त त्यानं काय दाबलं याची. त्याला बाजू मांडायला काही उरलं नाही.

तेव्हा पुढच्या आवृत्तीत एवढं तरी करा. प्रत्येक होकारासोबत, तो देताना माणसाला जे दिसलं ते जसंच्या तसं लॉगमध्ये साठवा : उपकरणांची यादी, फरकाच्या ओळी, दाखवलेली जोखीम, आणि प्रश्न दिसल्यापासून उत्तरापर्यंत गेलेला वेळ. आणि ती नोंद ज्यानं उत्तर दिलं त्यालाही वाचता येऊ द्या.

आपली,
नेटवर्क ऑपरेशन सेंटरमधली एक अभियंता,
पुणे